चराचं तोंड

“मी गेल्यावर नाथाजीकडं तू जा. पोरास्नी धाडू नगो. दहाव्याच्या आत जा. त्येलाबी सुतक आसंल तवा, दार लावता यायचं न्हाई.”

लालासाहेबांनी हे सांगितलं तेव्हा तानाजीची ओमनी पलूसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सांगलीच्या दवाखान्यात त्यांचं रक्त धुऊन घ्यायचं आणि सोबत थोरल्या सुनेने, क्रांतीने, जायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. जाताना मामा बोलत नसत. येताना बोलत. अंगात साठलेलं पाणी मशीनने ओढून काढलं की ते पिळून टाकलेल्या फडक्यासारखे होत, पण डोकं मात्र लख्ख असे.

“कशाला जायचं?” क्रांतीने विचारलं होतं. कशाला ते तिला ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाचं बोलणं आपण पुरं करू नये.

“चराचं तोंड सोड म्हणायला.” ते खिडकीबाहेर बघत होते. “माझ्यातलं पाणी काढायला मशीन हाय, पोरी. रानातलं कोण काढणार? त्येच्याबी अंगात मीठच साठलंय. डॉक्टर मला म्हणतोय, आबा, पाणी बेतानं प्या. आन मी त्या रानाला तीस वर्सं बदाबदा पाजलं. कुणी म्हणलं न्हाई बेतानं.”

पुढे तानाजीने हॉर्न वाजवला, ट्रॉली हलली नाही.

“जाशील?”

“व्हय,” क्रांती म्हणाली.

ती सहज व्हय म्हणणारी बाई नव्हती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे निरांजन आणि मगच चहा, हा तिचा नेम बाळंतपणं सोडली तर मोडला नव्हता. मामांचं जेवण अळणी झालं त्या आठवड्यापासून दर सोमवारी तीही अळणी जेवू लागली. कुणी विचारलं तर सोमवार आहे म्हणायची, आणि तेवढ्यावर लोक गप्प बसायचे. लालासाहेबांनी मात्र एकदा तिच्या ताटाकडे बघितलं होतं आणि काही न बोलता लोणच्याची बरणी लांब सरकवली होती. म्हणून आता तिचं व्हय ऐकल्यावर ते मागे टेकले आणि कुंडल येईपर्यंत झोपले.

तो मार्गशीर्ष होता. माघात ते गेले.

*

रक्षेच्या दिवशी सकाळी सगळे खालच्या रानात जमले. नदीत राख सोडायची रीत त्यांच्या भावकीने केव्हाच सोडली होती. आपल्या रानात खड्डा काढायचा, त्यात राख ठेवायची आणि वर झाड लावायचं. सहा वर्षांपूर्वी लालासाहेबांच्या बायकोची, मनुबाईंची, राख इथेच ठेवून वर केशर आंबा लावला होता. पहिल्या वर्षी तो तरारला. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळाल्या. तिसऱ्या वर्षी सिमेंटच्या कड्यात एक काठी उरली, ती अजून उभी होती. तिच्या शेजारी आपल्याला ठेवा, असं लालासाहेब सगळ्यांसमोर बोलले होते, त्यामुळे जागेबद्दल वाद नव्हता.

नैवेद्याला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागे सरली न सरली तोच आला. लालासाहेब सुभेदाराचं कशात काय अडकलं नव्हतं, सरळ माणूस, असं दोघातिघांनी म्हटलं. बाभळीखाली नणंदेजवळ उभ्या असलेल्या क्रांतीने हे ऐकलं आणि पदर नीट केला.

खड्डा थोरल्या लेकाने, वीरधवलने, स्वतः काढायला घेतला. जेसीबी सांगू का, असं कुणीतरी हळूच विचारलं होतं. बापाच्या राखेला जेसीबी लावायचा म्हणजे उद्या पिंडाला मिक्सर लावतील, असं तो म्हणाला आणि कुदळ उचलली. वरचा पांढरा पापुद्रा कुरकुरत निघाला. खाली काळी माती चिकट होती, खोऱ्याला धरून राहायची, झटकली तरी पडायची नाही. कोपरभर खोल गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. त्याने आणखी दोन घाव घातले आणि थांबला.

खड्ड्याच्या तळातून पाणी वर येत होतं. बुडबुडे नव्हते, आवाज नव्हता. पाहुण्यासमोर घरातलं माणूस आतून बाहेर येतं तसं ते वर आलं आणि घोट्याएवढं होऊन थांबलं.

वीरधवलने बादली मागवली. उपसलं. पुन्हा भरलं. परत उपसलं तेव्हा त्याला आपल्या दमाचा आवाज ऐकू येत होता. राखेचं गाडगं धाकट्याच्या, शंभूराजच्या हातात होतं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ते गाडगं त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. शिरवळला कंपनीत रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, त्याला एवढा वेळ उन्हात उभं राहायची सवय नव्हती.

“आजून खाली जा. मासं घावतील.”

आवाज बांधावरून आला. नाथाजी तात्या स्वतःच्या हद्दीत उभे होते. लालासाहेबांचे चुलतभाऊ, मयतीला वैर नसतं म्हणून आलेले. पण तीस वर्षांत या घराचं पाणी न प्यालेले. कुणी हसलं नाही. कुणी त्यांना गप्प बसवलंही नाही.

वीरधवलने कुदळ बाजूला ठेवली. त्याच्या मनात जे आलं ते बापाच्या रक्षेदिवशी करण्यासारखं नव्हतं. त्याने हात धुतले, त्याच खड्ड्यातल्या पाण्याने, आणि ओठ पुसताना ते खारट लागलं.

क्रांती मात्र तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. दाढीचे खुंट वाढले होते. पांढरे, तीन दिवसांचे. एरवी एक दिवसाआड सोसायटीशेजारच्या न्हाव्याकडे बसणारा माणूस. आणि चपला त्यांनी बांधाच्या पलीकडे काढून ठेवल्या होत्या. ते सुतक पाळत होते. मासे म्हणाले ते म्हणाले, पण सुतक पाळत होते.

*

आता राख कुठे ठेवायची, यावर तिथेच उभ्या उभ्या बोलणं झालं. वीरधवल म्हणाला, नदीवर चला, गाड्या आहेत, तासाभरात होऊन जाईल. अंकिताने, म्हणजे मधल्या लेकीने, नाही म्हटलं. ती आदल्या दिवसापर्यंत कशालाच नाही म्हणाली नव्हती.

“आईच्या शेजारी म्हणलं हुतं आबांनी.”

“आक्का,” शंभूराज म्हणाला, “आई कुठं हाय हितं? खुंट हाय.”

हे तो मोठ्याने बोलला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.  मग एका म्हाताऱ्याने मध्यस्थी केली, की राख काही पळून जात नाही, दहाव्यापर्यंत झाडाला टांगा, तोवर भावाभावांनी बसून ठरवा. शंभूराजने गाडगं बाभळीच्या फांदीला बांधलं. गाठ मारायला त्याला वेळ लागला. वीरधवलने जवळ जाऊन त्याची गाठ तपासली आणि आणखी एक मारली, आणि धाकट्याला ते आवडलं नाही हे सगळ्यांनी पाहिलं.

घरी जाताना अंकिता मागे राहिली. पाटणहून ती आली की पहिल्यांदा या रानात यायची, पण आईचा आंबा वाळल्यापासून तेही थांबलं होतं. तिच्या सासरी रानं पायऱ्यापायऱ्यांची. जेठात पेरणीच्या आधी तिचे सासरे घरातल्या सगळ्यांना घेऊन एकच काम करतात, ताली, म्हणजे पायऱ्यांचे बांध, आणि पाण्याच्या वाटा साफ करायच्या. बी नंतर. लग्न होऊन गेली तेव्हा तिला ते हसू यायचं. कुंडलात पाणी यावं म्हणून माणसं भांडतात आणि हे पाणी जावं म्हणून राबतात.

इथेही एक चर होता. आजच्या गोठ्याच्या जागेपासून निघून रानाच्या मधोमध तिरका खाली जायचा आणि नाथाजी तात्यांच्या बांधातून ओढ्याला मिळायचा. कुणी खणलेला नव्हता, पाण्यानेच केलेला. आई त्यात मेथी धुवायची. अंकिता आणि शंभूराज खेकडे धरायचे. त्याला एकदा खेकड्याने बोट धरलं तेव्हा तात्यांनीच काडी लावून सोडवलं होतं. मग नदीवरून पाइपलाइन आली, आबा फौजेतून पेन्शनवर आले, आणि त्यांनी डोझर आणून चर बुजवला. सहा सऱ्या वाढल्या. घरात पेढे वाटले. पेढा खायला तात्याही आले होते. वाया जाणारी जागा लागणीखाली आणली म्हणून सगळ्या गावाने आबांचं कौतुक केलं, आणि पुढच्या दोन वर्षांत गावातले आणखी तीन चर बुजले.

मग वरचं पाणी तात्यांच्या हळदीत साचायला लागलं. ते सांगायला आले. आबा पारावर, चारचौघांत म्हणाले की पाणी माझं नाही, देवाचं आहे, त्यालाच सांग. तात्या घरी गेले आणि त्यांनी मुरमाच्या चाळीस ट्रॉल्या टाकून बांध छातीएवढा केला. त्यानंतर देवाचं पाणी आबांच्या रानातच राहिलं.

अंकिताने गेल्या महिन्यात शंभूराजला फोनवर सांगितलं होतं, खालच्या रानाचं तू म्हणशील तिथे सही करते. रान गेलंच आहे, असं तो म्हणाला होता आणि तिला ते खरं वाटलं होतं. आज खड्ड्यात पाणी चढताना बघून तिला दुसरंच वाटलं. गेलेल्या वस्तूतून असं काही वर येत नाही.

*

दुपारी भावकीतून पिठलं-भाकरी आली. फोडणी नसलेलं जेवण सगळ्यांनी मुकाट्याने जेवलं. प्यायला फिल्टरच्या पाण्याचा जार होता, कारण घरच्या बोअरचं पाणी आता म्हशीही तोंड वाकडं करून पितात. जेवणं झाल्यावर पाहुणे पांगले आणि सोप्यात घरचे तेवढे उरले.

शंभूराजने विषय काढला. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं, दहाव्याला परत येणार होता. त्याचं म्हणणं त्याने आधीच सगळ्यांना एकेकटं गाठून सांगितलेलं होतं, आता एकत्र सांगितलं. तासगाव रस्त्याचा एक वीटभट्टीवाला खालच्या रानाची कमरेएवढी माती उचलायला तयार आहे. खारवट मातीचीही वीट होते. मग राहील त्या खड्ड्यात मासे सोडता येतील. तात्या चेष्टेने म्हणाले ते काही खोटं नव्हतं, असंही तो म्हणाला.

त्याला हाव नव्हती. हे त्याचं त्याला माहीत होतं आणि ते कुणाला पटवता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी प्रांजल इथे आली होती, तेव्हा खालचं रान लांबून बघून तिने विचारलं होतं, पप्पा, बर्फ पडलाय का? सगळे हसले होते. तोही हसला. तिने त्या मिठावर उभं राहून फोटो काढून घेतले. शिरवळला परत गेल्यावर ते फोटो बघताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्या मागे या पोरीला आपल्या गावाचं जे काही राहणार आहे ते हेच, पांढरं. तेव्हापासून त्याला ते रान नजरेआड व्हायला हवं होतं. वीट होऊन का होईना, कुणाच्या तरी भिंतीत जाईल.

“मेलेल्या म्हशीचं कातडं तरी निघतं, दादा,” तो म्हणाला. “ह्येचं तेवढंबी न्हाई निघायचं आणखी चार वर्सांनी.”

 धाकट्याचं बोलणं वीरधवलला चीड आणत होतं आणि त्यात चूक कुठे हे सापडत नव्हतं. खालच्या रानात त्याने काय केलं नव्हतं? जिप्सम टाकलं, ताग गाडला, खत दुप्पट केलं. ऊस पिवळा तो पिवळाच. रानाखाली भोकाच्या पायपा घालून पाणी काढता येतं, तेही त्याने शेजारच्या गावात जाऊन बघून ठेवलं होतं. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला होता, पाणी काढून सोडणार कुठं? चर कुठं हाय तुमचा?

“रान मेलेलं न्हाई, भावजी.”

क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात भांडं पुसायचं फडकं होतं.

“तुंबलंय,” ती म्हणाली. “मामाबी दोन वर्सं तसंच जगलं. मंगळवारी सुजलेलं न्यायचं, माणूस म्हणून वळखू यायचं न्हाई. येताना हातानं ऊस मोडून खातो म्हणायचं. पाण्याला वाट मिळाली की माणूस परत येतंय, बघितलंय मी. रान का न्हाई येणार?”

एवढं बोलणं तिने या सोप्यात बावीस वर्षांत केलं नव्हतं. शंभूराज वहिनीशी नेहमी मऊ असायचा. आताही त्याने आवाज चढवला नाही.

“वैनी, तुमचं खरं हाय. पर वाट कुठनं? चर सुरू हुतोय तितं गोठा हाय तुमचा.”

“गोठा काढू या.”

वीरधवलने मान वर केली. गोठा तिचा होता. घरावर त्याचं नाव होतं, उसाच्या बिलावर आबांचं होतं, पण गोठ्याची एकेक वीट क्रांतीच्या दुधाची होती. सिमेंटची जमीन, गव्हाणी, पंखासुद्धा. डेअरीत तिला क्रांतीताई म्हणायचे ते त्या गोठ्यामुळे. पावसात म्हशी कोरड्या राहाव्यात म्हणून ती स्वतः गळक्या छतावर हिंडली होती, घराच्या नव्हे, गोठ्याच्या.

“आन म्हशी?” त्याने विचारलं.

“चिंचंखाली बांधते. पावसाच्या आत पत्रं घालू कुठंतरी. काय मरत न्हाईत त्या.”

अंकिताला हसू आलं, आणि रक्षेच्या दिवशी हसू आल्याचं वाईट वाटून तिने तोंडाला पदर लावला. मग ती थोरल्या भावाकडे वळली आणि म्हणाली की वहिनी म्हणतात तसं करायचं असेल तर माझी सही भट्टीला मिळणार नाही.

“तू दिलं हुतंस न्हवं?” शंभूराज म्हणाला. “फोनवर.”

“दिलं हुतं. आता न्हाई देत.”

“बरं हाय. सकाळी एक, दुपारी एक.”

“खड्डा बघायच्या आधी एक आन नंतर एक,” अंकिता म्हणाली. “तूबी बघितलास की, गाडगं तुझ्याच हातात हुतं.”

तो उठून जार तिरपा करून पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ तिकडेच राहिला. परत आला तेव्हा त्याच्या बोलण्यात जोर राहिला नव्हता, पण मुद्दा राहिला होता, आणि तोच सगळ्यात अवघड होता.

“गोठा काढा, चर काढा. तोंड तात्याच्या बांधात हाय. छातीएवढा मुरूम. त्यो काढ म्हणायला कोण जाणार? दादा, तू जाणार?”

“मी न्हाई जाणार.” वीरधवलने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. “बापाचा खड्डा काढताना मासं म्हणतोय त्यो माणूस. त्येच्या दारात मी हात जोडून हुबा ऱ्हाऊ? आबा जिते हुते तवर गेलं न्हाईत, ते काय उगंच?”

आबा का गेले नाहीत हे क्रांतीला माहीत होतं. ओमनीत एकदा त्यांनी तेही सांगितलं होतं. जायला निघायचो, चप्पल घालायचो, आन वाटायचं ह्यो म्हणंल, देवाला सांग. एवढंच. तीस वर्षं.

शंभूराज म्हणाला की तोही जाणार नाही, त्याला तात्या आता ओळखणारही नाहीत. अंकिता म्हणाली, मी गेले असते, खेकडा सोडवला होता त्यांनी, मला नाही म्हणाले नसते. पण लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं, ते आज फिटलं. उद्यापासून या घरासाठी ती पाहुणी आणि तात्यांसाठी तर परकीच. पाहुणीला मागायचा हक्क काय? आणि सुतक संपल्यावर त्या दारात जायला कुणाकडेच निमित्त उरत नाही. एरवी सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीत. भावकीचं तेवढं वेगळं, तिथे विटाळ एकच.

एवढं बोलून ती थांबली. आपण काय म्हणालो ते तिचं तिला जाणवलं असावं, कारण तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता.

शेवटी ठरलं ते एवढंच, की दहाव्यापर्यंत भट्टीवाल्याला काही कळवायचं नाही. शंभूराजने ते मान्य केलं. दहाव्याला मात्र काय ते एक ठरवायचं, राख अशी टांगून ठेवणं बरं नव्हे, असं तो म्हणाला, आणि यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

*

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर वीरधवल मागच्या दारी आला तेव्हा क्रांती म्हशींची दावी सोडत होती. पहिली म्हैस गोठ्याबाहेर यायला तयार नव्हती. सिमेंटची सवय झालेली, मातीवर पाय ठेवून परत मागे घ्यायची.

 आत्ताच कशाला, दहाव्याला ठरू दे की, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. मग त्याने कोपऱ्यातली पहार घेतली, चिंचेखाली जाऊन जागा बघितली आणि खुंट ठोकायला लागला. चार खुंट ठोकले. क्रांतीने म्हशी आणून बांधल्या. तिने वैरण टाकली, त्याने पाण्याची घमेली भरून ठेवली. दोघांत एकच बोलणं झालं.

“कवा जाणार हायस?” त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

“आबा मला म्हणलं न्हाईत काय,” तो म्हणाला. “पर तुझ्याजवळ कायतरी ठिवलंय ते कळतंय. मंगळवारी-शुक्रवारी माझ्यासंगं कवा गेलं न्हाईत. तुझ्यासंगंच.”

क्रांतीने वैरणीचा कचरा पदरावरून झटकला आणि गोठ्याचा पंखा बंद करून आली. सवयीने चालू राहिला होता.

*

पहाटे ती उठली. अंघोळ केली. देवघराशी गेली तेव्हा हात काडेपेटीकडे गेला आणि परत आला. सुतकात दिवा लावायचा नाही. तुळशीला शेजारची पोर पाणी घालून जायची. गेले तीन दिवस ही वेळ तिला खायला उठायची. नेमाने भरलेली सकाळ एकदम रिकामी पडली की हातांना काय सांगावं ते कळत नाही. आज तसं वाटलं नाही.

चहा केला, सगळ्यांचा झाकून ठेवला. अंकिता जागी होती, अंथरुणातून बघत होती. कुठं निघालीस, असं तिने विचारलं नाही. फक्त कुशीवर वळून तिने शेजारी झोपलेल्या आपल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि वाट मोकळी करावी तसे पाय जवळ ओढून घेतले.

क्रांतीने डोक्यावर पदर घेतला. हातात काही घेतलं नाही. सुतकात देत नाहीत, घेत नाहीत. मागायचं तेवढं तोंडाने. तात्या काय म्हणतील याचा तिने विचार करून ठेवला होता. देवाला सांग, असं म्हणतील. मग म्हणायचं, देवाला रोज सांगतेच, पण सध्या सुतक आहे, म्हणून तुमच्याकडे आले. याला ते हसले तर बरं. नाही हसले तर मुरूम किती, ट्रॉल्या किती, आपण आपल्या खर्चाने काढू, असं पुढे काही. त्याच्याही पुढे काय बोलायचं हे तिला सुचलं नव्हतं.

सडकेने तात्यांचं घर लांब पडायचं, पण तेवढ्यासाठी तिने सडक टाळली नाही. तिला चराच्या वाटेने जायचं होतं. रिकाम्या गोठ्यातून ती आरपार गेली. सिमेंट अजून ओलं होतं, म्हशींचा वास होता. मागचं दार उघडून ती खालच्या रानात उतरली. बाभळीला गाडगं होतं तसं होतं, फडक्यावर दव पडलेलं. तिने थांबून हात जोडले नाहीत. निघालेल्या माणसाने थांबू नये.

चर तिने कधी पाहिलेला नव्हता. ती सून होऊन आली तेव्हा तिथे ऊस उभा होता. पण उजाडताना रान नीट दिसतं. मीठ सगळीकडे सारखं नव्हतं. गोठ्यापासून एक पट्टा इतर रानाहून पांढरा, तिरका, मधे एक वळण घेऊन खाली गेला होता, थेट त्या उंच बांधापर्यंत. बांधापलीकडे तात्यांच्या घरातून चुलीचा धूर येत होता.

तिने चपला काढून हातात घेतल्या, मग हात रिकामे ठेवायचे हे आठवून मनुबाईंच्या वाळक्या आंब्याच्या कड्याशी ठेवून दिल्या. आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालू लागली. पापुद्रा पायाखाली मोडत होता. मागे तिच्या एकेका पावलात पाणी भरत होतं.